बाकाखालचं पोतं

करूळ घाटातल्या अवघड वळणावर जीपनं मान टाकली, तेव्हा आत अकरा माणसं होती आणि टपावर नारळांची पोती.

वरून उतरणाऱ्या एस्टीला वाट द्यायला मी क्षणभर थांबलो होतो. एस्टी गेली. पहिला गिअर टाकून क्लच सोडला, तर इंजिन खोकल्यासारखं झालं आणि गप्प. पुन्हा चालू केलं, पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा गाडी वीतभर पुढं सरकली आणि हातभर मागं आली.

"चाकाला दगुड लावा कुणीतरी," मागून एक म्हातारी म्हणाली, "आनी उतरा खाली. ह्याच्या इंजनापरास माझं गुडघं बरं हाईत."

माणसं उतरली. रिकामी जीप कशीबशी वळण चढली. वर सपाटी लागल्यावर मात्र अशी सुटली, जणू मघाशी मेली ती दुसरीच कुणी होती. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. "सपाटीला वारा आनी चढाला म्हातारा. नवं इंजन म्हणं हे?"

नवंच होतं. म्हणजे गाडीला नवं. जीपचं जुनं पेट्रोल इंजिन पार थकलं होतं. भंगारबाजारात एका अपघाती गाडीचं चांगलं डिझेल इंजिन निघालं, ते मी स्वतः हात लावून पसंत केलं होतं. बसवलं आमच्या दाजींनी, माझ्या थोरल्या बहिणीच्या, तानाक्काच्या नवऱ्यानं. महिपती मिस्त्री म्हटलं की कोल्हापुरात उद्यमनगरात लहान पोरही दुकान दाखवायचं. पुढं गॅरेज, मधे लोखंड कातायचा लेथ, मागं दोन खोल्यांचा संसार. शर्यतवाली पोरं आपल्या गाड्या हलक्या करून घ्यायला दाजींकडंच यायची. पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये दाजींची दोन बोटं गेली, तेव्हापासून आक्काही लेथवर उभी राहायला शिकली होती. दाजींनी माझ्याकडून मजुरी घेतली नाही. "मेव्हण्याकडनं मजुरी घेऊन कुठं फेडू?" म्हणाले.

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशीची एकच गोष्ट मनात अडकून राहिली होती. आक्काच्या उजव्या तळव्याला चिंधी बांधलेली होती.

"काय झालं गं?"

"विळीनं चिरलं," म्हणत तिनं हात पदराखाली घेतला.

विळीनं बोट चिरतं. तळवा आडवा कसा चिरेल? मी दाजींकडं बघितलं. ते गाडीखाली बघत होते.

घाटातून आल्यावर मी बूथवरून दाजींना फोन लावला.

"दाजी, गाडी उचलंना झालीया."

पलीकडं लेथची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग ती घरघर थांबली.

"कवापास्नं?"

"आणल्यापास्नंच. पळती तर वाऱ्यागत. पण चढाला थांबवून उचलली की मरती. वजन असलं की जास्तच."

"कुणाला दावलीस?"

"अजून न्हाई."

"दावू नको. आनी खोलाय तर कुणालाच देऊ नको." मग त्यांनी आवाज बारीक केला. "पंचमीला आक्काला न्यायला येणार न्हवं तू? एक दिस आधी ये. मी बघतो. आनी आक्काला ह्यातलं काय बोलू नको."

फोन ठेवला आणि मी तिथंच उभा राहिलो. बूथवाला म्हणाला, "झालं काय?" मी म्हटलं, "काय न्हाई." पण काहीतरी झालं होतं. ज्याच्या हातानं गाठ मारलेली असते, तोच म्हणतो की गाठ दुसऱ्या कुणाला सोडू देऊ नको.

दाजी सांगतील तसं मी करायला हवं होतं. केलं नाही. दुसऱ्याच दिवशी गाडी कळे गावच्या शिदू मिस्त्रीकडं नेली. शिदू माझ्याबरोबर शाळेत होता. हात चांगला, जीभ वाईट.

त्यानं एअर फिल्टर काढून झटकला. नोझल तपासले, पंपाचं टायमिंग बघितलं, ब्रेक धरून राहतात का म्हणून चारी चाकं उचलून फिरवली. क्लच घसरतो का तेही बघितलं. दुपार झाली. शेवटी हात पुसत माझ्यासमोर बसला.

"सगळं बराबर हाय, केरबा. हेच वाईट."

"म्हंजे?"

"रोग असता तर घावला असता. हे इंजन तूच पसंत केलंतंस न्हवं? मग हेच बसवलंय कशावरनं?"

आरटीओच्या कागदासाठी मी इंजिननंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली होती. तो कागद पाकिटात होता. आम्ही दोघांनी वाकून, चिंधीनं तेल पुसून ताडून बघितला. आकडा न् आकडा तोच.

माझ्या जिवाला बरं वाटलं. शिदूच्या नाही.

"नंबर भाईर असतोय लेका, माल आत. मजुरी किती घेतली पावण्यानं?"

"घेतली न्हाई."

"फुकटचं औषध पिताना बाटली कुणाची ते बघावं." त्यानं गिअरबॉक्सवर बोटानं टकटक केलं. "हे उतरवलं तर कळंल काय ते. पण सोयऱ्यानं बांधलेलं मी सोडणार न्हाई. त्याच्या म्होरंच खोल. त्याचं तोंड बघत खोल."

त्या आठवड्यात मला नीट जेवण गेलं नाही. एकीकडं दाजी, ज्यांनी आई आजारी असताना पाठीवर घेऊन तिला दवाखान्याच्या पायऱ्या चढवल्या होत्या. दुसरीकडं चढाला मरणारी गाडी, फोनवर बारीक केलेला आवाज, आणि आक्काच्या हाताची चिंधी. आणि मधे आईचा शब्द. आजारपणात एकदा उशाशी बसवून ती म्हणाली होती, "केरबा, बाप न्हाई, उद्या मी असणार न्हाई. तानीचं म्हायेर म्हंजे आता तूच. तिच्या नवऱ्याशी तोंड वाकडं केलंस, तर तिचं ह्या घराकडचं पाऊल उचलायचं न्हाई." आमच्याकडं बहिणीनं नवऱ्याचा अपमान गिळून माहेरी यायचं, असं होत नाही. दाजींना एक शब्द बोललो आणि तो चुकीचा ठरला, तर पंचमीचा झोका रिकामा राहणार होता. एका वर्षापुरता नाही, कायमचा.

आई गेली त्या दिवशीही मीच आक्काला आणायला गेलो होतो, ह्याच जीपमधून. त्या प्रवासाबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधी काही बोललो नव्हतो.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी आक्काला माहेरी आणायला मुराळी म्हणून निघालो. आक्कासाठी बांगड्या घेतल्या, वाटेत पाऊस लागला, गेला. रस्त्याच्या कडेनं पोरी मेंदीचा पाला ओरबाडत होत्या. एरवी ह्या वाटेवर मी गुणगुणतो. त्या दिवशी फक्त इंजिन ऐकत होतो. थांबलेलं असताना ते थरथरायचं, धाप लागलेल्या माणसासारखं. पळायला लागलं की गोड.

दुकानात पोचलो तर दाजी उभेच होते, वाट बघत असल्यासारखे.

"आलास? जा, आत चहा घे. आक्काची पिशवी भरून हुतीया तवर मी गाडी बघतो. हितं ताटकळू नको."

"मी हितंच थांबतो, दाजी."

"आरं, चार तासांचं काम हाय."

"चार तास थांबतो."

त्यांनी मान खाली घातली. पाना उचलला, ठेवला. दुसरा उचलला. चाळीस वर्षं हत्यारं हाताळलेला माणूस कुठला पाना लागतो ते विसरल्यासारखा दिसत होता. मधेच त्यांनी दोनदा बाकाकडं बघितलं. तिसऱ्यांदा मी बघितलं.

बाकाखाली एक पोतं होतं. आत काहीतरी गोल, सपाट. तोंड सुतळीनं बांधलेलं. गॅरेजमध्ये कोण लोखंडाच्या पोत्याचं तोंड बांधून ठेवतो?

मी वाकून ओढलं. एका हातानं हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं, सुतळी सोडली. आत फ्लायव्हील होतं. इंजिनाच्या पाठीला परातीएवढं जड लोखंडी चाक असतं, ते. पुसून, ऑइलचा हात फिरवून ठेवलेलं. आणि मापानं बघितलं तर नेमकं माझ्या इंजिनाचं.

"कुणाचं हे?"

"हाय एकाचं."

"एकाचं म्हंजे कुणाचं? नाव सांगा."

दाजींनी पाना खाली ठेवला. त्यांची नजर आतल्या दाराकडं गेली आणि लगेच परत आली. त्या एका नजरेनं माझ्या मनातलं सगळं जुळलं. जड चाक काढून ठेवलं, माझ्या गाडीत भलतंच घातलं, आक्काला कळलं, ती बोलली, आणि तिच्या हाताला चिंधी आली. आठ दिवस जे उकळत होतं ते ओठावर आलं.

"माझं लोखंड पोत्यात बांधून बाकाखाली ठेवलासा, दाजी. मागितलं असतं तर दिलं नसतं व्हय? आनी वर म्हणताय, दुसऱ्याला खोलाय देऊ नको. घरातला माणूस म्हणून डोळे झाकून गाडी सोपवली. आनी तिच्या हाताला काय झालं तेबी आज मला सांगा."

दाजींचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. चिडले नाहीत. अंगावर ऊन आल्यावर माणूस डोळे बारीक करतो, तसे केले फक्त.

"केरबा, चहा गार हुतोय," म्हणाले.

"कुठलं लोखंड?"

आक्का दारात उभी होती. हातात चहाची किटली, अंगावरच्या नव्या लुगड्याच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"काय न्हाई गं," दाजी घाईनं म्हणाले. "नोझल धराय लागलंय. बदलतो."

आक्कानं पोत्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. किटली बाकावर ठेवली. "केरबा, गाडी चालू कर."

मी केली. ती बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. तोच हात. चिंधी नव्हती आता, तळव्यावर आडवा लाल व्रण होता.

"आता हळूच सोड. पळवू नको. दारातल्या चढावर घे."

दुकानाच्या तोंडाशी रस्त्यावर चढायला लहानसा चढ होता. मी क्लच सोडला. जीप चढाला टेकली, थरथरली आणि मेली.

"परत."

परत मेली.

आक्कानं बॉनेटवर पुन्हा तळवा टेकला. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "दाणा पडला की अडतंय. आईच्या जात्यागत."

मी खाली उतरलो. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"तुला आठवत न्हाई. तू ल्हान हुतास. आईचं जातं किती जुनं. दर साली टाकीवाली यायची, छिन्नीनं दगुड टाकून जायची. टाकून टाकून वरची तळी पातळ झाली. नुसतं फिरवलं की भिंगरीगत फिरायचं. बाया म्हणायच्या, किती हलकं जातं गं सुंदराबाईचं. पर मूठभर दाणं टाकलं की जागच्या जागी गप्प. दळण वजनानं हुतं, केरबा. फिरवणाऱ्याच्या जोरानं न्हाई." तिनं बॉनेटवरचा हात काढून घेतला. "मीच टाकी लावली ह्याला. मापाबाहेर लावली."

"आक्का, काय बोलतीस?"

"ह्यांनी मला तुझ्या इंजनाचं चाक नुसता हात फिरवाय दिलंतं. क्लच बसतो त्या तोंडावर, जरासा. तुझं दाजी भाईर गेलं. मी उलटं करून लेथला बांधलं आनी पाठीमागनं लोखंड काढत बसले, ते यायच्या आत इंजनाला बसवूनबी टाकलं. ती शर्यतीची पोरं न्हेत्यात न्हवं काढून? हलकं झालं की गाडी सुटती म्हणत्यात. बघितलंय की मी, कशा सुटत्यात." तळवा पुढं केला. "तवाच लागलं हे. लोखंडाचा किस तापलेला हुता. विळी न्हवं."

"मला सांगायचं तरी. कशापायी केलंस?"

तिनं तळवा मिटला. रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"आई गेली त्या दिशी तू मला घेऊन निघालास. कळ्यापातुर आलो, तवा घड्याळ बघितलं मी. जीप कण्हत हुती. बैलगाडी म्होरं गेली आपल्या. मी काय बोलले न्हाई, तू चालवत हुतास म्हणून. घरी आलो तर शेजारीण म्हणाली, अर्धा तास झाला. तीनदा इचारलं म्हणं आईनं, गाडी वाजली का गं." आक्कानं पदर तोंडाला लावला नाही. सरळ बोलली. "अर्धा तास, केरबा. म्हटलं, परत कवा हाक आली तर तुझी गाडी पळाली पायजे."

मला बसावंसं वाटलं. बसायला फक्त ते पोतं होतं.

दाजी पुढं आले. पोत्यातलं चाक त्यांनी दोन्ही हातांनी, उरलेल्या आठ बोटांनी उचलून बाकावर ठेवलं. "तुझं न्हाई हे," म्हणाले. "तुझं तुझ्याच गाडीत हाय, निम्मं. मला गाडी गेल्यावर कळलं. लेथखालचा किस गोळा कराय गेलो, तर दोन घमेली. नुसता हात फिरवून एवढा निघत न्हाई. मग तुझा फोन आला. आठ दिस भंगारबाजार पालथा घातला, परवा घावलं हे."

"मग बोलला का न्हाईसा, दाजी? मघाशी तरी?"

"काय बोलू?" त्यांनी आक्काकडं बघितलं नाही. "पंधरा दिस लेथवर ओव्या म्हणती ती. आई गेल्यापास्नं पयल्यांदाच. मी म्हटलं, गुपचूप बदलून टाकू. तिला वाटू दे, गाडी पळतीया."

ती ओवी नंतर मी आक्काकडून मागून घेतली. तेव्हा तिनं म्हणून दाखवली नाही, नुसती सांगितली.

पयली माझी ओवी गं, लोखंडाच्या चाकाला
बंधवाची गाडी यावी, माझ्या पयल्या हाकंला

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा दुपार टळली होती. आतून ते चाक निघालं. इतकं सुबक काढलेलं की काय सांगू. पाठीवर एकसारख्या रेघा, पाण्यावर तरंग उठावेत तशा, मध्यापासून कडेपर्यंत. मी उचललं तर एका हातात आलं. आक्का म्हणाली, "टाक भंगारात." दाजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे." कुणाला तरी शर्यतीच्या गाडीला लागेल, असं म्हणायचे. कधी दिलं नाही कुणाला.

जड चाक बसलं. त्याच चढावर मी क्लच सोडला आणि जीप म्हशीसारखी निमूट चढून गेली. दाजींनी हात धुतले. मी त्यांच्यापुढं वाकलो, तर त्यांनी दंड धरून सरळ केलं.

"पाया पडायला मी काय देव्हारा हाय? जा, उजेड हाय तवर निघा."

"दाजी, मी बोललो ते—"

"बोलणं म्हंजे तेलकट हात. धुतलं की जातंय."

निघालो. आक्का पुढं, शेजारच्या सीटवर. कळे मागं पडलं. नवं चाक आतून संथ, जड लयीत फिरत होतं. माझा पाय सवयीनं खाली गेला, उजेडात घर गाठावं म्हणून.

"हळू घे, केरबा," आक्का म्हणाली. ती बाहेर बघत होती. दोन्ही बाजूंनी भाताची खाचरं, पाण्यात आभाळ. "आता तिथं कुणी वाट बघत न्हाई. म्हायेराची वाट जरा पुरली पायजे."

मी पाय उचलला. मग तिनं गळा साफ केला आणि म्हणायला लागली. इंजिनाच्या लयीवर. गगनबावड्याच्या अलीकडं आमचं गाव येईपर्यंत म्हणत होती.

ह्याला तीस वर्षं होत आली. आक्काची एकही पंचमी चुकली नाही. दर वर्षी मी न्यायला जायचो आणि दर वर्षी दाजी दारातच अडवायचे. "थांब. आधी बाकाखाली बघून घे. तुझं काय असलं तर न्हे, मग चहा पी." मी हसायचो. आक्का त्यांना रागवायची, "पुरं करा की आता ते." पहिली काही वर्षं दाजीही हसायचे. नंतर नंतर ते नुसतं म्हणायचे.

गेल्या माघात दाजी गेले. दुकान मोकळं करायला आक्कानं मला बोलावलं. लेथ विकला, हत्यारं शर्यतवाल्या पोरांनी नेली. भिंतीवर खिळ्याला ते हलकं चाक टांगलेलं होतं, देवाच्या तसबिरीशेजारी, रोज पुसल्यासारखं. ते मी काढून आक्काच्या हातात दिलं. सगळं झालं. मोकळ्या खोलीत बाक तेवढा राहिला.

"बाकाखाली बघ रं, काय ऱ्हायलंय का," आक्का म्हणाली.

तिनं सहज म्हटलं होतं. मी कमरेत वाकायला गेलो आणि वाकता येईना.

"तूच बघ, आक्का," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली बसली आणि बराच वेळ बाकाखाली बघत राहिली.

"काय न्हाई गा तुझं," ती म्हणाली. "ये, चहा पी."